पावसात लॉन कापायचं की थांबायचं?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही बावधनला डोंगराच्या बाजूला एका सोसायटीत राहतो. दोन इमारतींच्या मध्ये लॉन आहे, निम्मं जमिनीवर आणि निम्मं पार्किंगच्या स्लॅबवर. यंदा कमिटीत बागेचं काम माझ्याकडे आलं. आषाढ लागल्यापासून पावसाने उसंत घेतलेली नाही आणि गवत वीतभर वाढलंय. माळीकाका मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, पण मशीन बाहेर काढायला तयार नाहीत. म्हणतात, "ताई, ओल्यात मशीन घातलं तर लॉनचं पण वाटोळं आणि माझं पण." इकडे सोसायटीच्या ग्रुपवर रोज फोटो पडतात. साप निघतील, डेंग्यू होईल, मेंटेनन्स कशाचा घेता, वगैरे. शेवटी गेल्या रविवारी अध्यक्षांनी वॉचमनला मशीन दिलं आणि रिमझिम चालू असतानाच कापायला लावलं. आमचं मशीन विजेवरचं आहे, पार्किंगमधल्या प्लगवरून लांब वायर ओढून चालवतो. ते दोनतीनदा अडकलं (वॉचमन म्हणत होता हँडलला मुंग्या आल्यासारखं होतंय, पण तो तसा घाबरट आहे), चाकांचे चर पडले आणि आता कापलेल्या भागात पिवळे डाग दिसायला लागलेत. पुढच्या बैठकीत ठराव येतोय, की लॉन न कापलेल्या दिवसांचा माळीकाकांचा पगार कापावा. १५ ऑगस्टचं झेंडावंदन याच लॉनवर असतं. मी काय करू?

ता. क. अध्यक्ष म्हणतात, ही कटकटच नको, सरळ प्लास्टिकचं लॉन टाकून घेऊ.

कमिटीतली एक, बावधन, पुणे

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

माळीकाकांचं बरोबर आहे. गवत आणि माती ओली असताना मशीन घालू नये, आणि त्यांनी ते घातलं नाही म्हणून त्यांचा एक रुपयाही कापू नये. बैठकीत सांगायला एवढं पुरेल. पण तुमच्या पत्रात याहून कितीतरी गंभीर गोष्ट आहे आणि ती तुम्ही कंसात लिहिलीत. आधी तिच्याबद्दल.

वॉचमन घाबरट नाही. हँडलला मुंग्या येत होत्या याचा अर्थ मशीनच्या अंगात वीज उतरत होती. वायरीत किंवा मोटारीत कुठेतरी ओल शिरली असणार आणि अर्थिंग धड नसणार. त्यामुळे जी वीज अर्थिंगच्या तारेतून जायला हवी, ती त्या माणसाच्या हातातून आणि पायातून जमिनीत जायला बघत होती. त्या दिवशी पायात रबरी चप्पल असेल, गळती थोडी असेल, म्हणून मुंग्यांवर निभावलं. भिजलेल्या कातडीतून वीज फार सहज शिरते. पाऊस जरा वाढला असता किंवा त्याने चप्पल काढून ठेवली असती, तर आज तुमचं पत्र वेगळं असतं. आधी त्याला भेटा आणि तो बरा आहे ना ते विचारा.

कमिटीत कुणीतरी नक्की म्हणेल, "एमसीबी आहे की, पडला असता." एमसीबी म्हणजे विजेच्या पेटीतलं आपोआप पडणारं बटण, आणि त्याचं काम वायर जळू न देणं एवढंच आहे. पार्किंगमधला १६ अँपिअरचा एमसीबी शॉर्टसर्किट झालं किंवा भार फार वाढला तरच पडतो. माणसाचा जीव जायला तीस-चाळीस ते शंभर मिलिअँपिअर (म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग) पुरू शकतात, आणि तेवढ्याची एमसीबीला दादही नसते. त्यासाठी आरसीसीबी लागतो, ३० मिलिअँपिअरची गळती झाली की लगेच वीज तोडणारा. बागेला, पंपाला, पार्किंगच्या प्लगला ज्या लाइनवरून वीज जाते तिच्यावर तो आहे का, हे उद्याच इलेक्ट्रिशियनला बोलावून बघून घ्या. असेल तर त्यावरचं टेस्टचं बटण दाबून तो खरंच पडतो का तेही बघा, कारण बसवल्यापासून कुणी हात लावलेला नसतो. वायरीला मध्येच चिकटपट्टी गुंडाळून जोड दिलेला असेल तर ती वायर टाकून द्या, जोड नव्याने देऊ नका. आणि हे सगळं झालं तरी विजेवरचं मशीन ओल्या गवतावर न्यायचं नाही. पुरी तपासणी होईपर्यंत ते कुलपात ठेवा आणि किल्ली तुमच्याकडे असू द्या.

आता लॉनकडे वळू.

गवत पावसात वाढतं तेव्हा त्याची पाती एरवीपेक्षा मऊ आणि पाणीदार असतात. आभाळ भरून राहिलं की ऊन मिळत नाही, मग उजेडाच्या ओढीने गवत उंच होतं, पण भरत नाही. त्यात पाण्याच्या वजनाने पाती झुकतात आणि एकमेकांना चिकटतात. मशीनचं ब्लेड त्यांच्यावरून फिरतं तेव्हा काही पाती कापली जातात, काही नुसती लोळतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उठून बसतात. म्हणून रविवारी कापलेलं लॉन सोमवारी उंदराने कुरतडल्यासारखं दिसलं असेल. तुमच्याकडच्या कापलेल्या भागातलं एक पातं खुडून डोळ्यांजवळ धरा. धारदार ब्लेडने कोरड्या गवतावर मारलेला काप सरळ असतो आणि एका दिवसात वाळून बंद होतो. तुमच्याकडे टोकाला पांढरट तंतू लोंबताना दिसतील, कारण ते पातं कापलं गेलेलं नाही, फाटलेलं आहे. अशी फाटकी टोकं दिवसभर ओली राहतात आणि बुरशीला आत शिरायला आयती वाट मिळते. मशीनच्या चाकांनी आणि बुटांनी तीच बुरशी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरते.

पिवळे डाग मात्र बहुधा बुरशीचे नाहीत, इतक्या लवकर नाहीत. ओलं गवत मशीनच्या पोटात थापलं जातं आणि थोड्या वेळाने गोळा होऊन खाली पडतं. असे गोळे लॉनवर तसेच राहिले की दोनतीन दिवसांत खालचं गवत गुदमरून पिवळं पडतं. एखादा डाग हाताने उकरून बघा, वर काळपट लगदा असेल आणि त्याखाली हात घातला तर ऊबही लागेल. हा लगदा बांबूच्या खराट्याने अलगद ओढून काढा. तुमचं गवत हरळीच्या जातीतलं असेल तर काळजी नको. हरळीला प्रत्येक पेरापाशी फुटवा येतो, पंधरावीस दिवसांत डाग भरून निघतील. नर्सरीत ज्याला मेक्सिकन लॉन म्हणतात ते दाट, मऊ, उशीसारखं फुगणारं गवत असेल तर ते सावकाश भरतं, त्याला सवा-दीड महिना द्या. डाग गोल असेल, रोज कडेने पसरत असेल आणि पहाटे त्याच्या कडेला राखाडी जाळं दिसत असेल, तर तो बुरशीचा समजा. तेव्हासुद्धा दुकानदाराच्या सांगण्यावरून हाती लागेल ते औषध फवारू नका. लॉनवर मुलं खेळतात. पुण्यातच शिवाजीनगरला कृषी महाविद्यालय आहे, तिथल्या वनस्पती रोगांच्या जाणकारांना विचारा आणि मगच काय ते करा.

खरं नुकसान चाकांच्या चरांनी केलंय, आणि ते लगेच दिसणार नाही. माती म्हणजे नुसते कण नव्हेत, कणांमधल्या फटीही तितक्याच महत्त्वाच्या. त्यातून पाणी खाली जातं आणि हवा आत येते. मुळं श्वास घेतात ती त्या फटींतून. ओल्या मातीवर वजन पडलं की त्या फटी मिटतात, आणि माती सुकली तरी आपोआप उघडत नाहीत. आज जिथे चर पडलाय तिथे पुढच्या पावसात पाणी साठेल, मग मुळं कुजतील, आणि रिकाम्या जागी लव्हाळा नावाचं चिवट तण येईल. लव्हाळ्याला अशी जागा फार आवडते. चर बुजवायला आत्ता माती टाकू नका, वरून रोलर तर मुळीच फिरवू नका. माती जरा सुकली की बागकामाच्या काट्याने चराच्या तळाला तीनचार इंच खोल टोचायचं, हलकेच वर उचलायचं, आणि वाळू, चाळलेली माती व जुनं शेणखत एकत्र करून पातळ थर भरायचा. हरळी त्यातून स्वतः वर येते.

मग कापायचं कधी? याला शेतकऱ्याचं उत्तर आहे, आणि लॉनलाही तेच लागू पडतं: वाफसा आल्यावर, म्हणजे माती चिखलही नाही आणि कोरडीही नाही, अशी कामाजोगी झाल्यावर. तुमच्या सोसायटीत लॉन रविवारी कापलं, कारण रविवारी अध्यक्ष घरी असतात. गवताला वार कळत नाही. पावसाळ्याचे तीन-चार महिने "दर आठवड्याला कापणे" हे करारातलं वाक्य बाजूला ठेवा आणि उघडीप मिळाली की कापायचं, एवढंच ठरवा. मग तो सोमवार असो की गुरुवार.

वाफसा बघायला काही लागत नाही. लॉनच्या कडेची चिमूटभर नव्हे, चांगली मूठभर माती दोन-तीन इंच खालून काढा आणि मुठीत दाबा. बोटांमधून पाणी निघालं किंवा गोळा चिकट, तुकतुकीत झाला तर थांबा. गोळा झाला आणि अंगठ्याने टोचताच भुसभुशीत फुटला तर मातीची तयारी आहे. मग उभं राहून टाच दाबा. टाचेचा खड्डा राहता कामा नये. माती झाली, आता गवत. तळहात उलटा करून पात्यांवरून फिरवा, हात ओला होतो का बघा. पाऊस नसला तरी रात्रीचं दव दहा-अकरापर्यंत अंगावर असतं, म्हणून सकाळी लवकर कापायची घाई नको. अकरा ते तीन-चार ही पावसाळ्यातली चांगली वेळ. संध्याकाळी कापलं तर ताजी टोकं रात्रभर ओली राहतात.

किती तास कोरडं जायला हवं हे जागेवर ठरतं. खाली खडकाळ मुरूम असेल तर एका दिवसाच्या उघडिपीत माती तयार होते. काळ्या मातीला दोनतीन दिवस लागतात, कधी चारसुद्धा. तुमच्या बाबतीत दोन वेगळ्या जागा आहेत, हे माळीकाकांना माहीत असेलच. बिल्डरने जमिनीवरच्या लॉनखाली बहुतेक वेळा बांधकामाचा राडारोडा दाबून त्यावर फूटभर लाल माती पसरलेली असते. वरून लाल माती बघून वाटतं निचरा उत्तम असेल, पण पाणी खालच्या दाबलेल्या थरावर अडतं. एका कोपऱ्यात फूट-सव्वाफूट खड्डा घेऊन बघा, विटांचे तुकडे आणि सिमेंटचे गोळे लागले तर कोडं सुटलं. स्लॅबवरच्या लॉनची गोष्ट आणखी वेगळी. तिथे मातीचा थर मर्यादित, त्याखाली पाणी जायला प्लास्टिकची जाळी आणि कापड, आणि पुढे पाइप. त्या पाइपाच्या तोंडाशी मुळं, गाळ आणि कापलेलं गवत अडकलं की सगळं लॉन ताटासारखं भरून राहतं. पाण्याच्या वाटेवरच्या जाळ्या माळीकाकांकडून आणि प्लंबरकडून एकदा साफ करून घ्या. तुमच्या निम्म्या तक्रारी तिथेच संपतील, आणि पार्किंगच्या छताला ओल येत असेल तर तीही कदाचित कमी होईल.

आता १५ ऑगस्ट. वीतभर गवत म्हणजे आठ-नऊ इंच. एकाच वेळी ते दोन इंचांवर आणायचं नाही. हा मोह सगळ्यांना होतो, कारण "इतक्या दिवसांनी कापतोय तर चांगलं बारीक कापू" असं वाटतं. गवताचा हिरवा भाग वरच्या बाजूला असतो, खाली नुसत्या पिवळ्या काड्या. बारीक कापलं की काड्या उघड्या पडतात, गवताला अन्न करायला हिरवं काही उरत नाही आणि मोकळ्या जमिनीवर ऊन पडलं की तणाचं बी उगवतं. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त काढू नये, हा नियम पावसाळ्यात काटेकोरपणे पाळा. म्हणजे पहिल्या वेळी सहा इंचांवर, चार-पाच दिवसांनी चारवर, त्यानंतर पावणेतीन-तीनवर. पावसाळाभर तीनच्या आसपासच ठेवा, जास्त पानं म्हणजे जास्त जोर. दीड-दोन इंचांचं गुळगुळीत लॉन हिवाळ्यासाठी राहू द्या.

एक अडचण आहे. ढकलायच्या मशीनची उंची सगळ्यात वर केली तरी ती साधारण तीन इंचांपर्यंतच जाते. म्हणजे तुमच्या गवतात ते मशीन पहिल्या वेळी घालायचंच नव्हतं, रविवारी ते अडकलं ते त्यामुळेही. पहिले दोन काप विळ्याने, लांब कात्रीने किंवा खांद्याला अडकवायच्या पेट्रोलच्या ब्रश कटरने घ्यावे लागतील. ब्रश कटरला नायलॉनची दोरी लावली तर काम हलकं होतं आणि चाकं नसल्यामुळे चरही पडत नाहीत. चालवणाऱ्याला चष्मा, गमबूट आणि जाड पँट हवीच. दोरीने उडालेला खडा गोळीसारखा येतो, म्हणून पंधरा मीटरच्या आत कुणी नको, मुलं तर नकोतच. उताराच्या भागात ओल असेपर्यंत काहीच चालवू नका, पाय घसरला की हातातलं यंत्र कुठे जाईल सांगता येत नाही.

म्हणजे उघडिपीचे तीन दिवस तुम्हाला पकडायचे आहेत. ऑगस्टमध्ये पुण्यात पाऊस जुलैइतका सलग राहत नाही, श्रावणात ऊन-पावसाचा खेळ सुरू होतो, तेव्हा हे जमण्यासारखं आहे. हवामान विभागाचा अंदाज बघताना पुणे शहराबरोबर घाटमाथ्याचाही बघा, बावधन दोन्हींच्या मधे आहे आणि शिवाजीनगरला ऊन असताना तुमच्याकडे सर येते. माळीकाकांना सांगून ठेवा, की मंगळवार-शुक्रवारची अट नाही, उघडीप दिसली की फोन करून या. त्या जादा फेरीचे पैसे वेगळे द्या. आणि १३-१४ ऑगस्टपर्यंत पावसाने उघडीप दिलीच नाही, तर फक्त झेंड्याच्या खांबाभोवतीचं गवत विळ्याने कापून घ्या आणि लोकांना ब्लॉकच्या रस्त्यावर उभं करा. शंभर-दीडशे माणसं ओल्या लॉनवर अर्धा तास उभी राहिली तर मशीनच्या चाकांपेक्षा जास्त नुकसान होतं. झेंडावंदनाची शोभा लॉनच्या उंचीवर अवलंबून नाही.

कापलेलं गवत एरवी कोरडं आणि बारीक असेल तर लॉनवरच पसरू द्यावं, ते खत होतं. सध्या मात्र सगळं उचला. ते पावसाच्या पाण्याच्या चेंबरमध्ये लोटू नका, एका सरीत चेंबर तुंबतं. कंपोस्टच्या खड्ड्यातही नुसतं ओलं गवत टाकलं की चिकट, कुबट लगदा होतो आणि मग खालच्या मजल्यावरच्यांची वेगळी तक्रार येते. त्याच्या दुप्पट वाळका पाला मिसळा. फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडलेला पाला पोत्यांत भरून ठेवलेला असेल तर आत्ता सोन्याच्या मोलाचा आहे, नसेल तर पुढच्या वर्षी ठेवा.

ग्रुपवरच्या लोकांची भीती मी उडवून लावणार नाही. तुम्ही डोंगराच्या कडेला राहता, पावसाळ्यात साप निघतात हे खरं आहे. बिळांत पाणी शिरतं, बेडूक वाढतात, उंदीर कोरड्या जागा शोधत इमारतींकडे येतात आणि त्यांच्या मागे साप. पण यासाठी अख्खं लॉन आजच भादरण्याची गरज नाही. माणसं जिथून चालतात त्या वाटांच्या दोन्ही बाजूंना दोन-अडीच फुटांची पट्टी, घसरगुंडी आणि झोक्यांभोवतीची जागा, आणि बाकाखालचं गवत एवढं विळ्याने किंवा कात्रीने कापून ठेवलं की पुरतं. हे काम रिमझिमीतही होतं, फक्त माळीकाकांच्या पायात गमबूट आणि हातात काठी असू द्या. आधी काठीने गवत हलवायचं, मग हात घालायचा. विटांचे ढीग, फुटक्या कुंड्या, नारळाच्या झावळ्या भिंतीलगत साठल्या असतील तर त्या हलवा, घोणस आणि मण्यारीला लपायला लॉनपेक्षा असल्या जागा आवडतात. वाटेवरचे बंद दिवे सुरू करा. मण्यार रात्रीची फिरते, म्हणून अंधारात अनवाणी खाली उतरायचं नाही हे मुलांना सांगा. आणि कुणाला चावलाच तर जखम कापू नका, घट्ट बांधू नका, हातपाय हलू न देता १०८ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीने लगेच मोठ्या रुग्णालयात न्या. सापाच्या विषावरचं औषध तिथे मिळतं.

डेंग्यूचं मात्र गवताशी फारसं नातं नाही. त्याचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. गॅलरीतल्या कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवर ठेवलेला टायर, झाकण नसलेली टाकी, हे त्याचे पत्ते आहेत. ग्रुपवर लॉनचे फोटो टाकणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा आपल्या गॅलरीतल्या ताटल्या उपड्या करून त्याचेही फोटो टाकावेत, असं तुम्ही हक्काने सांगा.

आता पगाराचा ठराव. माळीकाका मंगळवारी-शुक्रवारी येतात तेव्हा रिकामे बसत नाहीत ना, एवढाच प्रश्न कमिटीला विचारायचा हक्क आहे, आणि पावसाळ्यात बागेत न कापताही भरपूर काम असतं. लव्हाळा काढायचा तर हेच दिवस. जमीन मऊ असते तेव्हा खुरप्याने खालच्या काळ्या गाठीसकट तो निघतो, उन्हाळ्यात ओढला तर पाती हातात येते आणि गाठ जमिनीत राहून दुपटीने फुटते. फक्त लॉनवर बसताना खाली एक फळी टाकायची, म्हणजे वजन एकाच जागी पडत नाही. गाजर गवत फुलायच्या आत हातमोजे घालून उपटायचं. जाळ्या, चेंबर साफ करायचे. जास्वंद, कण्हेर, मोगऱ्याच्या फांद्या लावायच्या तर याहून चांगला मोसम नाही. मशीनचं ब्लेड काढून धार लावून आणायचं, तेही प्लग काढून ठेवल्यावर. यातलं काय काय झालं ते एका वहीत लिहून ठेवायला सांगा, म्हणजे बैठकीत दाखवायला तुमच्या हाती काहीतरी असेल. त्यांना एक गमबूटाचा जोड आणि चांगला रेनकोट सोसायटीच्या पैशांतून घेऊन द्या. ज्या माणसाने मशीन चालवायला नकार देऊन लॉन आणि स्वतःचा जीव दोन्ही वाचवले, त्याच्या हातात कापलेला पगार ठेवणं मला बरोबर वाटत नाही. आणि वॉचमनला लॉनचं काम पुन्हा कधीही सांगू नका.

ग्रुपवर टाकायला एक मजकूर देते, हवा तसा बदला: "पाऊस चालू असेपर्यंत लॉनवर मशीन चालवलं जाणार नाही. वाटांच्या कडा आणि खेळायची जागा कापलेली राहील. उघडीप मिळताच तीन टप्प्यांत लॉन कापू. तोपर्यंत कृपया लॉनवरून ये-जा करू नये." शेवटची ओळ महत्त्वाची आहे, शॉर्टकटने लॉन तुडवणारे आणि तक्रार करणारे बहुतेक वेळा तेच असतात.

तुमचं गवत हरळीचं असेल तर आणखी एक विनंती. कुंपणालगतचा चार-पाच फुटांचा एक तुकडा कापू नका, गणपती येईपर्यंत तसाच राहू द्या. तिथे औषध फवारलेलं नसेल आणि कुत्री फिरवत नसतील, तर सोसायटीतल्या सगळ्यांना कोवळ्या दूर्वा घरच्या मिळतील. ग्रुपवरचा राग उतरायलाही त्याचा उपयोग होईल.

तुमच्या ता. क.बद्दल. प्लास्टिकचं लॉन एप्रिल-मेमध्ये इतकं तापतं, की मुलं त्यावर अनवाणी उभी राहू शकत नाहीत. स्लॅबवर टाकलं तर खालच्या निचऱ्याचा प्रश्न तसाच राहतो, फक्त झाकला जातो. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं, ते घासत बसावं लागतं, आणि काही वर्षांनी विटलं की तो सगळा गठ्ठा कचऱ्यात. हा निर्णय जुलैच्या वैतागात घेऊ नका. घसरगुंडीपाशी किंवा इमारतीच्या सावलीत जो कोपरा दरवर्षी ओला राहतो, तिथे लॉनचा हट्ट सोडा आणि कर्दळ, सोनटक्का, वेखंड लावा, त्यांना ओल चालते. उरलेल्या लॉनबद्दलची बैठक दिवाळीनंतर घ्या आणि तेव्हा माळीकाकांनाही बोलवा.